एका डब्याची गाडी

गर्दीचा इतका मनापासून तिटकारा असलेला माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये दुसरा सापडायचा नाही, आणि अशा माणसाला देवाने जन्माला घातलं ते पुण्यात, ऐन लक्ष्मी रोडवर. ॲन आर्बरला शिकत असताना आमचे हे आणि ते एका खोलीत राहायचे. आता ते ट्रॉयमध्ये आमच्यापासून दोन सिग्नलवर राहतात आणि गाड्यांच्या ब्रेकवर काम करतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. गर्दी टाळण्यासाठी भाऊजी काय करतील याचा नेम नाही. नायगारा त्यांनी फेब्रुवारीत पाहिला, म्हणजे बर्फच पाहिला, आणि वर "वहिनी, अख्खा धबधबा मला एकट्याला होता" असं ऐकवलं. मंडळाच्या गणपतीला ते आरती झाल्यावर तासाभराने उगवतात, तेव्हा प्रसादाच्या ट्रेमध्ये नुसता कागद उरलेला असतो. सफरचंदं तोडायला सगळे शनिवारी जातात, म्हणून भाऊजी मंगळवारी सुट्टी टाकून गेले. ती बाग मंगळवारी बंद असते. कुंपणाबाहेर गाडीत बसून त्यांनी डबा खाल्ला आणि पार्किंग उत्तम मिळालं म्हणून खुशीत परत आले.

एकदा कंपनीने त्यांना जपानला पाठवलं. काम संपल्यावर बरोबरचे सगळे क्योटोला पळाले. भाऊजींनी मात्र स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत विचारलं, "जिथे कोणीच जात नाही, तिथलं तिकीट मिळेल का?" आतली मुलगी बिचारी गोंधळली, मग तिने नकाशावर एके ठिकाणी बोट ठेवलं. भाऊजी तिथे गेले आणि त्या गावाचेच होऊन बसले. तेव्हापासून साठवलेली सगळी सुट्टी तिकडेच जाते.

"काय आहे हो तिथे?" मी विचारायची.

"काहीच नाही," ते तृप्त चेहऱ्याने म्हणायचे. मग चहाबरोबर एकेक बाहेर पडायचं. लाल कौलांची घरं, थेट कोकणातल्यासारखी. समुद्र आहे, पण किनाऱ्यावर माणूस नाही. घरोघरी पडवीत सोलून दोरीला टांगलेली केशरी फळं. बसस्टॉपच्या बाकावर कोणीतरी घरी शिवून ठेवलेल्या उशा, ज्या कोणी पळवत नाही. आणि एका डब्याची गाडी. तिचा ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालून प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवतो आणि मोठ्याने काहीतरी म्हणतो, ऐकायला डब्यात एकटे भाऊजी. शेवटच्या स्टेशनवर कर्मचारी नाही. शेजारच्या घरातल्या आजी गाडी आली की फलाटावर येतात आणि उतरणारा एकच असला तरी कमरेत वाकून त्याचं स्वागत करतात.

"अरे, नाव तरी सांग गावाचं," हे म्हणायचे.

"नाव सांगितलं की मंडळाची टूर निघेल, यार. मग पहिला प्रश्न, तिथे इंडियन रेस्टॉरंट आहे का?"

गेल्या उन्हाळ्यात भाऊजी तिकडून आले ते तडक आमच्याकडे. चहा समोर गार झाला. "पॅसेंजरच नाहीत म्हणून गाडी बंद करणार आहेत, वहिनी," ते शेवटी म्हणाले. "माझ्यासारखीच माणसं जातात तिथे. आणि माझ्यासारखी माणसं एकेकटी जातात." मला त्यांची फार दया आली, पण करण्यासारखं काय होतं?

करायचं ते त्यांनीच केलं. कोजागिरीला, हॉल गच्च भरलेला असताना, भाऊजी चक्क वेळेवर आले आणि स्टेजवर चढले. "जपानमध्ये शिमाने नावाचा एक भाग आहे," ते म्हणाले. "तिथे काही बघण्यासारखं नाही. प्लीज, सगळे या." मसाला दुधाची रांग जागीच थांबली. एका काकूंनी इंडियन रेस्टॉरंटची चौकशी केलीच. "नाही, पण पोहे मी करीन," भाऊजी म्हणाले.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही डबाभर माणसं खरंच गेलो. फलाटावर गाडी लागली, आत चिटपाखरू नव्हतं, तरी आमच्या दोन काकूंनी धावत जाऊन सीटवर रुमाल टाकून जागा धरल्या. चिवडा फिरला, भेंड्या रंगल्या. ड्रायव्हरने बोट दाखवलं की मागे अख्खा डबा बोट दाखवू लागला. भाऊजी आता चिडणार, असं मला वाटत होतं. ते दांडी धरून उभे होते आणि हसत होते.

शेवटच्या स्टेशनवर आजी आल्या आणि वाकल्या. एवढी म्हातारी बाई आपल्यापुढे वाकते हे आमच्या लोकांना कसं सहन व्हावं? ते भराभर तिच्या पाया पडू लागले. ते पाया पडतात म्हणून आजी आणखी खाली वाकल्या, आजी वाकल्या म्हणून काकू आणखी खाली. कोणी सरळच होईना. ड्रायव्हरने टोपी काढून हातात धरली. भाऊजी डोळे पुसत होते आणि मला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड डोंगराकडे फिरवलं.

एका टूरने काय होतं? वसंतात गाडी बंद झालीच. भाऊजींनी ते आमच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगितलं.

"जाऊ दे, वहिनी," ते म्हणाले. "एकदा तरी ती इतकी भरली, की मला बसायला जागा मिळाली नाही."