राहीबाईंना कुणी विचारलंच नव्हतं

आमच्या कर्जत तालुक्यातल्या अनुदानित शाळेत राहीबाई खिचडी शिजवतात. गळ्यात तुळशीची माळ, आणि प्रश्न विचारायची भलती खोड. तांदळाच्या पोत्यावर काय छापलंय तेसुद्धा मला वाचायला लावतात. नवरा सहादेव गेल्या वर्षी वारला. तेव्हापासून त्यांची सातवीतली मुलगी ज्ञानेश्वरी देवापुढे हात जोडत नाही. बापासाठी एवढं मागितलं, त्यानं ऐकलं नाही, एवढंच ती सांगते.

दर शनिवारी मी धर्मपाठाचा तास घ्यायचो, म्हणजे भजन आणि संतांच्या गोष्टी. ज्ञानेश्वरी गप्प राहायची, म्हणून मी तिला तासभर उभं करायचो. खोटं कशाला बोलू? तिच्याच वर्गातल्या अरफाला मात्र, ती मुसलमान म्हणून, सूट होती. ती त्या वेळात स्वयंपाकघरात बसून लसूण सोलायची. आम्हाला आपल्या उदारपणाचं कोण कौतुक!

एका शनिवारी राहीबाईंनी अरफाला नागरिकशास्त्राचं पुस्तक मोठ्यानं वाचायला सांगितलं. संविधानाप्रमाणे अनुदानित शाळेला धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते, इथपर्यंत ती आली आणि राहीबाई पदराला हात पुसत थेट माझ्या वर्गाच्या दारात.

"सर, ह्यात निस्तं मुसलमानांचंच लिवलंय का?"

मी म्हणालो, नाही, सगळ्यांचंच आहे.

"मंग मला कुठं इचारलं?"

वीस वर्षं मी हेच कलम शिकवतोय, परीक्षेत दोन गुणांना विचारतोय. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला लाज वाटली. मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं, आणि त्या आठवड्यात सगळ्याच पालकांकडे संमतीचे फॉर्म गेले. राहीबाईंच्या फॉर्मवर 'नाही'समोर खूण होती.

"तुम्ही तर माळकरी," मला राहवलं नाही.

"माळ माझ्या गळ्यात हाय, सर. तिच्या न्हाई."

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम स्वयंपाकघराकडून गेलो. दोघी मुली लसूण सोलत बसल्या होत्या. डाळ धुताधुता राहीबाईंनी सवयीनं एक अभंग धरला आणि मध्येच थांबल्या.

"म्हनू का गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

ज्ञानेश्वरीनं हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली.

"म्हन," ती म्हणाली. "पन मी न्हाई म्हननार."