कार्डावरचं कुंकू

रीडिंग शहरातल्या घरात मी बेसबॉल खेळाडूंची छापील कार्डं जमवायचो, त्यांत एकच खरं देखणं कार्ड होतं. जाड, मलईच्या रंगाचं, सोनेरी कडेचं, आणि मधल्या छोट्या खिडकीत खेळाडूच्या शर्टाच्या कापडाचा तुकडा. भोवती मुद्दाम सोडलेली कोरी जागाच मला सगळ्यात आवडायची.

त्या वर्षी बाबा पुण्याहून आले होते. दसऱ्याला त्यांनी माझा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली पूजेला मांडली. मी कार्डाला किती जपतो ते पाहिलं होतं, म्हणून तेही कव्हरमधून काढून मांडलं आणि ओल्या बोटानं त्या कोऱ्या जागेवर कुंकू लावलं.

"अहो बाबा, वाट लावलीत त्याची," मी ओरडलो. ते पुसायला पुढे झाले, तर म्हटलं, हात लावू नका. मग परत जाईपर्यंत ते टीव्हीचा रिमोटसुद्धा मला विचारून घ्यायचे.

पुढच्या दसऱ्याआधीच ते गेले.

कार्ड अजून आहे. कुंकवात बोटाच्या रेषा स्पष्ट दिसतात. मागे छापलंय, हे कापड त्या खेळाडूनं सामन्यात खरोखर अंगावर घातलं होतं. त्या बोटाबद्दल तिथे काहीच लिहिलेलं नाही.