लुंबिनीच्या वाटेवर थांबलेली वऱ्हाडाची बस

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावच्या स्टॉपवर एसटीतून उतरताना आई दर वेळी ड्रायव्हरला म्हणायची, "बरं आणलं, बाबा." मला ते जास्तीचं वाटायचं. गाडी आणणं हे त्याचं कामच, त्याचा त्याला पगार मिळतो.

आम्ही लुंबिनीला गेलो तेव्हा आईचा काचबिंदू बराच वाढला होता. नजर किती दिवस टिकेल हे डॉक्टरही सांगत नव्हते. आमचं घर बौद्ध. बुद्धाची जन्मभूमी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, एवढंच तिचं मागणं होतं. धान मळून घरात आलं आणि मी तयारीला लागले. आरक्षण, ओळखपत्रं, डोळ्यांचे थेंब, कुठे मुक्काम, सगळं लिहून काढलं. लुंबिनीसाठी एक दिवस धरला. दुसऱ्या दिवशी गोरखपूरहून परतीची रेल्वे होती.

सीमा ओलांडून आम्ही नेपाळची बस धरली. निम्म्या वाटेत ती उभी राहिली. पुढे चक्काजाम. कंडक्टर हिंदीत म्हणाला, "आज नहीं जाएगी." कल? ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ॲम्ब्युलन्स आणि लग्नाच्या गाड्या तेवढ्या सोडत होते. लोक सामान उचलून आपापल्या गावांकडे पांगले. लुंबिनी आईला चालत गाठता येण्यासारखी नव्हती. मी कागद काढून दुसरा काही मार्ग बसतो का ते पाहत बसले. बसत नव्हता.

आई मात्र उठून रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि गाडीचा आवाज आला की हात दाखवू लागली. आमच्याकडे एसटी अशीच थांबते, शेताच्या बांधाजवळसुद्धा.

"आई, हा परदेश आहे. इथं कोणी थांबणार नाही."

"परदेश असला तं का झालं? डायवरले डोये नाहीत का?"

तिला नीट दिसत नसल्यामुळे तिने एका ॲम्ब्युलन्सलाही हात दाखवला. मी तिचा हात खाली ओढला.

"काऊन वं? जागा असन तिच्यात."

"त्यात पेशंट आहे."

"मंग मी कोन आहो?"

मला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

उन्हं कलली तेव्हा फुलांच्या माळा लावलेली एक बस आली. आईने हात वर केला. बस थोडी पुढे जाऊन थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "कहाँ जाना है, माई?"

"लुंबिनी जाना है, बेटा. मेरी आँख जा रही है."

आमची गोंदियाची हिंदी तेवढ्याला पुरेशी होती. मला इतकं सरळ सांगायचं सुचलंच नसतं. आत वऱ्हाड खचाखच भरलं होतं. बँडवाल्यांनी ढोल मांडीवर घेऊन आईला जागा दिली. नवरदेवाच्या आत्याने तिच्या हातात गोड, गोल, तळलेलं काहीतरी ठेवलं. चक्काजामवाल्यांनी आत डोकावून पाहिलं. आई खात होती. त्यांनी आम्हालाही वऱ्हाडी समजून गाडी सोडली.

वऱ्हाडाला अलीकडच्या गावातच उतरायचं होतं, तरी ड्रायव्हरने बस लुंबिनीच्या फाटकापर्यंत नेली. उतरताना आई म्हणाली, "बरं आणलं, बाबा." त्याला मराठी कळलं नसणार. त्याने दोन्ही हात जोडले. मीही जोडले.

मंदिर बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. जन्मस्थळाच्या दगडाजवळ आई वाकली, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने तिने तो पाहिला. मग बाहेर येऊन तळ्याकाठी बसली.

"दिसलं?" मी विचारलं.

"दिसलं. आता तुह्या कागदावर लिहून टाक."

आता आईला दिसत नाही. कोहमाऱ्याला, गोंदियाला, कुठेही बसमधून उतरताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवते. ड्रायव्हर कोणत्या बाजूला आहे ते तिला कळत नाही, म्हणून ते वाक्य मी म्हणते. एखादा वळून पाहतो, एखादा पाहतही नाही.