दातआत्याची भट्टी

अर्ध्या शहराचं हसू माझ्या नणंदेच्या मागच्या खोलीत तयार होतं, असं मी चारचौघांत फुशारकीने सांगत आले आहे. अठ्ठावीस वर्षं त्या कवळ्या आणि दात बनवतात. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात, पुढचं सगळं वन्संचं. प्लास्टरचा साचा, मेणात बसवलेले दात, मग भट्टी, मग पॉलिशचं चाक. माझी मुलं त्यांना दातआत्या म्हणतात. नाकावर माशी बसू देणार नाही अशी बाई. मोठमोठ्या डॉक्टरांना फोनवर झापतात, की माप नीट घ्या, पेशंटला जबडा आहे, तोंडात बटाटा धरलेला नाही.

पण महिन्याची एक तारीख जवळ आली की ही बाई पार बदलायची. चार वर्षांपूर्वी भावजी, म्हणजे वन्संचे यजमान, गेले आणि पाठोपाठ जुनी भट्टी बसली. वन्संनी नवी घेतली ती कर्ज काढून, भट्टीच तारण ठेवून. हप्ता न्यायला सावकाराचा माणूस यायचा. त्याने कधी आवाज चढवला नाही. स्टुलावर बसायचा, नोटा मोजून होईपर्यंत खोलीभर नजर फिरवायचा आणि जायचा. आम्ही त्याला मौनीबाबा म्हणायचो, तेवढीच भीती कमी व्हावी म्हणून. ती होत नव्हती. फाटकाची कडी वाजली की वन्संचा चेहरा पांढराफटक पडायचा. दोन हप्ते चुकले तर भट्टी उचलून नेणार, असं कागदावर होतं. त्यांचा एकही चुकला नव्हता, तरी.

अशात एका बंद पडलेल्या दवाखान्याकडे अडकलेली त्यांची जुनी रक्कम अचानक मोकळी झाली. दीड लाख. कर्जही साधारण तेवढंच उरलं होतं. शिल्लक म्हणाल तर शून्य. मी म्हटलं, यात विचार कसला करायचा, फेडा आणि मोकळ्या व्हा. माझ्या नवऱ्याचं म्हणणं उलटं. आधी सहा महिन्यांच्या खाण्यापिण्याचे, औषधपाण्याचे पैसे बाजूला काढावेत, मग कर्जाकडे बघावं. पण या माणसाला कशातच घाई चालत नाही, लग्नाला हो म्हणायलाही त्याने तीन वर्षं लावली होती, म्हणून मी त्याचं बोलणं मनावर घेतलं नाही. अडीअडचणीला आम्ही आहोत म्हणावं, तर आमचेच महिनाअखेरीला नाकी नऊ येतात.

वन्संनी पैसे बँकेतून काढून आणले आणि प्लास्टरच्या रिकाम्या डब्यात ठेवले. आठ दिवस ते तिथेच. रोज दुपारी मी जायची, तेच तुणतुणं वाजवायची, आणि त्या म्हणायच्या, उद्या बघू. व्याज चढतंय आणि पैसे डब्यात झोपलेत, हे मला बघवेना. नवव्या दिवशी माझा पारा चढला. कागद द्या, मीच जाऊन फेडून येते, असं म्हणत मी त्यांच्या टेबलाचा ड्रॉवर ओढला.

कागद नव्हता. कवळ्या होत्या. अकरा मोजल्या मी. प्रत्येकीला दवाखान्याची चिठ्ठी बांधलेली. टोचते. हलते. एका बाजूने उचलली जाते. या घरात परत आलेलं काम मी कधी पाहिलं नव्हतं. परत आलेलं काम फुकट करून द्यायचं, हा त्यांच्या धंद्यातला नियम. म्हणजे वन्सं एकेक कवळी दोनदा बनवत होत्या आणि पैसे एकदाच घेत होत्या.

वन्संनी मेण कापायची सुरी उचलली आणि माझ्यासमोर धरली. सुरीचं टोक थरथरत होतं.

"कधीपासून, वन्सं?"

"सहा महिने झाले. आधी नुसतं बोट होतं. आता हात मनगटापासून हलतो."

डॉक्टरांना दाखवलं का, असं मी विचारलं तेव्हा त्या हसल्या, आणि ते हसू बघून माझं धाबं दणाणलं. या शहरातले डॉक्टर सगळे एकमेकांचे सोयरे. नसांच्या डॉक्टरची बायको दातांची डॉक्टर, हाडांच्या डॉक्टरचा मेहुणा दातांचा डॉक्टर. दात बनवणारीचा हात थरथरतो, हे एका कानी पडलं की संध्याकाळपर्यंत काम बंद. जिथे जायला हवं तिथेच जायची चोरी.

"फेडलं तर भट्टी माझी होईल," त्या म्हणाल्या. "पण हातच गेला तर मी खाऊ काय? आणि पैसे राखून ठेवले, काम थांबलं, तर भट्टी सावकाराची. मला दोन्हीची भीती वाटते गं."

ड्रॉवर लावून मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. पुष्कळ वेळ काथ्याकूट केल्यावर आमचं ठरलं ते माझ्या नवऱ्याच्याच मताप्रमाणे. पैसे ठेवायचे. हप्ता नेहमीसारखा द्यायचा. आणि लांबच्या शहरात, जिथे कुणी ओळखत नाही, तिथे हात दाखवायचा. तिथल्या तपासण्यांची फी ऐकून मला घाम फुटला, पण डबा होता. सोमवारची तिकिटं मी काढून आणली.

मध्ये शनिवार होता, आणि शनिवारी एक तारीख. मी मुद्दाम तिथे जाऊन बसले. नोटा मी मोजते असं म्हटलं तर वन्संनी मला डोळ्यांनीच दटावलं. त्यांनी मोजायला घेतलं. पाचव्या नोटेला एक खाली पडली. मग आणखी एक. मौनीबाबाने वाकून दोन्ही उचलल्या, त्यांच्या हातात दिल्या, आणि मला दिसलं की आज तो खोलीभर बघत नव्हता. तो त्यांच्या हाताकडे बघत होता.

"ताई, पुढच्या महिन्यात साहेबांना घेऊन येतो," तो अगदी हळू म्हणाला. "भट्टी एकदा नजरेखालून घालतील."

दोन हप्ते चुकल्याशिवाय तो भट्टीला बोटही लावू शकत नव्हता. आम्हा दोघींना हे पाठ होतं. त्या वेळी एकीलाही आठवलं नाही. वन्सं उठल्या, डबा आणला आणि टेबलावर उपडा केला.

"सगळं घ्या. आजच मिटवा."

मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी नोटा मोजल्या. भराभर मोजल्या, तो उठून जावा म्हणून. त्याने पावती लिहिली, पिशवीतून तारणाचा कागद काढून परत दिला, आणि गेला. फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला.

टेबलावर सहा नोटा उरल्या होत्या. वन्संनी पावती वाचली, घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. आठ दिवस मी जे म्हणत होते तेच झालं होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. सोमवारची तिकिटं माझ्या पर्समध्ये होती, तपासण्यांच्या फीचे पैसे मात्र गेले होते. त्या नुसत्या भट्टीकडे बघत बसल्या होत्या.

"वापरलेली भट्टी कितीला जाते," त्या म्हणाल्या, "जरा चौकशी करशील?"

करते, असं मी म्हटलं.