खालचा सूर क्लोव्हिसचा

इर्मालीन ग्वीद्रीचे वडील आठवडाभर न्यू ऑर्लिन्सच्या नाचघरात एकटे पियानो वाजवत आणि रविवारी घरी घोरत पडत. चर्चची पायरी न चढलेल्या या बापानं लेकीला जे शिकवलं, तेच तिनं पुढे एकतीस वर्षं चर्चमध्ये वाजवलं.

पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, हे सूर एकदम दाबायचे. मग सप्तक ओलांडून नववा, अकरावा, तेरावा. बाप म्हणायचा, पोरी, माळ्यावर माळे चढव, पण आधी पाया रोव. म्हणून डाव्या करंगळीनं ती सगळ्यात खालचा पहिला सूर असा ठोकायची, की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या टोप्यांवरची पिसं हलत. त्याच म्हाताऱ्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली होती, की हे तर जॅझ. पण प्रार्थनेत डोळे भरून आले ते याच सुरांनी. मग बोलणं थांबलं.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, तिकडच्या रीतीप्रमाणे दारच्या पायऱ्या विटेच्या भुकटीनं घासताना ती घसरली. डावं मनगट मोडलं. ईस्टरला दोन आठवडे उरले असताना प्लास्टर निघालं, तर करंगळी आणि शेजारचं बोट मिटलेलंच. हात सप्तकभर ताणेना. पास्टर मायेनंच म्हणाले, या ईस्टरला विश्रांती घ्या, आपण दुसऱ्या एका मुलीला बोलावू. इर्मालीन बरं म्हणाली आणि घरी येऊन पियानोचं झाकण लावून बसली. बोलावलेली मुलगी परत जात नसते, हे तिला ठाऊक होतं.

सोमवारी नेहमीप्रमाणे चुलीवर राजमा शिजत होता आणि नेहमीप्रमाणे क्लोव्हिस जेवायला आला. अकरा वर्षं तो चर्चमध्ये तिच्या शेजारी उभा राहून बास, म्हणजे माणसाएवढं जाड तारांचं वाद्य, वाजवत होता, शनिवारी एका हॉटेलात जॅझ. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ताट पुसून खाल्लं, मग विचारलं,

"सिस्टर, अकरा वर्षं मी तिथं काय करतो? बासला टेकून डुलक्या घेतो?"

"मी असं कधी म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हटलंत. करंगळीनं म्हटलंत, दर रविवारी. मी खालचा सूर लावायचा आणि तुम्ही वरून तोच हाणायचा. तुमचे वडील एकटे होते, त्यांना पाया घालावाच लागे. तुमचा पाया मी उचलून आणतो, तोही बसायला जागा नाही म्हणून उभ्यानं."

ती हसली नाही. तिला ते लागलं.

त्यानं गाडीतून बास आणला. हॉटेलातला पियानोवाला पहिला सूर वाजवतच नाही, पाचवाही सोडतो, असं त्यानं सांगितलं. डाव्या हाताच्या चांगल्या बोटांनी तिसरा आणि सातवा, उजव्यानं नववा आणि तेरावा. चारच सूर.

तिनं ते दाबले. सूर हवेत लोंबकळले, पाय शोधत असल्यासारखे. वाकडी करंगळी आपोआप खाली धावली आणि भलत्याच पट्टीवर आपटली.

"तो माझा आहे," क्लोव्हिस म्हणाला. "सोडा."

पुन्हा धावली, पुन्हा त्यानं थांबवलं. शेवटी तिनं करंगळी मुडपून तळहाताखाली घेतली, चार सूर धरले आणि वाट पाहिली. मुद्दामच उशीर केला मेल्यानं. मग बासची जाड तार वाजली, आणि तेच चार सूर असे भरले, जसे तिचे सात कधी भरले नव्हते. इतकी वर्षं आपण सगळं देवावर सोडलं म्हणत होतो आणि शेजारच्या माणसावर एक सूर सोडला नव्हता, हे तिच्या मनात आलं. तिनं उठून त्याला आणखी राजमा वाढला.

शनिवारी तालमीत पास्टरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, त्या मुलीला येऊ नको म्हणून मी कळवतो.

ईस्टरला शेवटच्या कडव्यात इर्मालीनचे चार सूर उठले, त्याखाली क्लोव्हिसचा एक. पुढच्या बाकावरची एक म्हातारी नंतर म्हणाली, आज टोपी हलली नाही, पण गुडघे हलले.

उन्हाळा सरता सरता करंगळी थोडी मोकळी झाली. तरी तिनं ती खाली नेली नाही. पुढे एका रविवारी क्लोव्हिस तापानं घरी पडला होता, त्या दिवशी तेवढी नेली, आणि तीही हलकेच.