उत्तर येईपर्यंत काही खाऊ नका

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता कुंदाताई वारल्या. लोणावळ्यात, तुंगार्लीच्या आपल्या घरीच, दुसरा चहा घेऊन झाल्यावर. दहाच्या सुमारास त्यांच्या धाकट्या बहिणीचा, विमलताईंचा, फोन आला. फोन ठेवल्यावर काय करावं ते मला सुचेना, म्हणून कॉम्प्युटर उघडला आणि आमच्या मेलिंग लिस्टवर अडवून ठेवलेली पत्रं बघायला गेलो. तिथं एकही पत्र शिल्लक नव्हतं. सहा वाजून चाळीस मिनिटांनी कुंदाताईंनी सगळी पाहून संपवली होती. त्यातलं एकच त्यांनी पुढं जाऊ दिलं होतं. कान्हे स्टेशनाबाहेरच्या एका झाडाला चपट्या, लांब शेंगा आल्या आहेत, ते झाड कोणतं, असं कुणीतरी विचारलं होतं. मी शिरीष असं उत्तर लिहिलं, पाठवलं आणि मग कपडे बदलून लोणावळ्याला निघालो.

ही लिस्ट म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जण रविवारी मावळात झाडं बघत फिरायचो. जे झाड ओळखता यायचं नाही त्याबद्दल एकमेकांना ईमेल करायचो, त्यातून ही लिस्ट उभी राहिली. एका पत्त्यावर पत्र पाठवायचं, ते सगळ्या सभासदांना पोचतं, उत्तरही सगळ्यांना दिसतं, आणि जुनी पत्रं कुणालाही उघडून वाचता येतात. आता लोक हसतात, "अजून ईमेल?" म्हणतात. पण दहा पावसाळ्यांपूर्वी कुणी भारंगीच्या फुलांबद्दल काय विचारलं होतं ते आजही इथं सापडतं. कुंदाताईंची पहिल्या दिवसापासून एकच अट होती. जो सभासद नाही त्यालाही इथं लिहिता आलं पाहिजे. नाव नोंदवा, पासवर्ड घाला, मग विचारा, असं चालणार नाही.

दार उघडं ठेवलं की काय काय आत येतं, हे ज्यांनी अशी लिस्ट चालवली आहे त्यांना सांगायला नको. लॉटरी लागल्याची पत्रं, केस उगवण्याची औषधं, तुमचं खातं आज संध्याकाळी बंद होणार अशा धमक्या. शिवाय आमचा लोणावळ्याचा खास माल वेगळाच : वीकेंडला बंगला, स्विमिंग पूलसह, शेकोटीची सोय. म्हणून बाहेरच्या माणसाचं पत्र आधी अडवून ठेवायचं, कुणीतरी ते वाचायचं, खरं असेल तर पुढं पाठवायचं. हे "कुणीतरी" म्हणजे कुंदाताई. त्यांची सगळी नोकरी टपाल खात्यात, पत्रांची वर्गवारी करण्यात गेली होती. 'लेण्याच्या पायथ्याला, भावाच्या घराशेजारी' एवढ्याच पत्त्यावरची पत्रं त्यांनी पोचती केली होती. विषय वाचून पत्र टाकून देणं त्यांना ठाऊकच नव्हतं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. "अहो, लॉटरीवाल्याची भाषा सुधारलीय हां या महिन्यात," असं मला फोनवर कौतुकाने सांगायच्या.

मी तळेगावच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. लिस्टचं तांत्रिक काम माझ्याकडं होतं आणि दार उघडं ठेवणं मला पहिल्यापासून पटत नव्हतं. कुंदाताई मला चिडवायच्या, "तुमचं काय ग्रंथपाल, तुमच्या कपाटांना कुलूप, किल्ली तुमच्या खिशात, आणि वाचक कमी झाले म्हणून तक्रारही तुमचीच!" मी गप्प बसायचो. बहुतेक वेळा मी गप्पच बसतो. पण ज्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या वर्षी स्पॅमचा असा लोंढा आला की सकाळचे दोन-दोन तास त्यांना खुर्चीवरून उठता येईना. तेव्हा मी एक नियम लिहिला. पत्र अनोळखी माणसाचं, पत्त्यात नावापुढं आकडेच आकडे, विषय कोरा, मजकूर नाही, नुसता एक फोटो, असं असेल तर कॉम्प्युटरने ते परस्पर टाकून द्यावं. अशी शंभर पत्रं मी तपासली होती, शंभरही स्पॅम होती. कुंदाताईंनी तो नियम दोनदा वाचून घेतला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण टाकलेलं पुसायचं नाही. टोपली माझ्याकडं राहील, दर रविवारी मी बघीन." मी तसा एक कप्पा करून दिला, त्याला नावही 'टोपली' असंच दिलं. मनात म्हटलं, ताईंची हौस.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "टोपलीत एक अळंबी आहे. गुरुवारची. सुपात ठेवून फोटो काढलाय. पत्त्यात नाव सारिका, भाजे. पुढं सगळे आकडे... तुम्ही मळवलीला या, मी इकडून येते." गुडघा अजून नीट नव्हता, तरी त्या काठी घेऊन आल्या. मी तळेगावहून, त्या लोणावळ्याहून. श्रावणातला रविवार, त्यामुळे स्टेशनापासून भाज्याच्या रस्त्यावर धबधब्याला निघालेल्या पोरापोरींची रांग. त्या रांगेतून आम्ही दोघं वाट काढत निघालो. माझ्या मनात एकच हिशेब चालला होता, गुरुवार ते रविवार म्हणजे किती जेवणं.

गावात पहिल्याच दुकानात कुंदाताईंनी विचारलं. दुकानदार म्हणाला, "कुठली सारिका? रानभाजीवाली? तिचं सासरं कालच दवाखान्यातनं घरी आलं की." मी घर कुठलं ते विचारून घेतलं.

घरासमोर पडवीत बाजेवर आबा, सारिकाचे सासरे, पेज पीत बसले होते. चेहरा उतरलेला होता, पण नजर तरतरीत होती. सारिका तिशीची असेल. पावसाळ्यात ती लेण्यांच्या वाटेवर टाकळा, कुर्डू, शेवळं विकायची. तिने बसायला दिलेलं पोतं कुंदाताईंनी बाजूला सारलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "तू फोटो पाठवलास तो आमच्याकडं पोचला होता. आम्ही तो न बघता टाकून दिला. चूक आमची आहे." आमची, म्हणाल्या. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

सारिकाला आधी काही उमगेना. "म्हंजी तुमीच व्हय त्या? टेसनावरच्या कागदावाल्या?" कुंदाताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून मळवली स्टेशनाजवळच्या टपरीवर एक कागद लावला होता : अनोळखी झाड, फळ, अळंबी दिसली तर विचारा, खाली लिस्टचा पत्ता. सारिकाने तो वाचला होता आणि विचारलं होतं.

"मग उत्तर आलं नाही तरी खाल्लीत कशी?" हे मी विचारलं. आज आठवलं की लाज वाटते.

उत्तर आबांनी दिलं. "सकाळच्याला हिनं फोटू पाठवला. सांजपत्तुर वाट बघितली. मंग मीच म्हणलं, येवडी शिकल्याली मान्सं, इखारी आसती तर लगीच बोंब मारली आसती का न्हाई? गप हायती म्हंजी चांगलीच आसणार. आन् खाल्ली. हिला म्हणलं, आदी मी खातो, तुमी मागनं खावा." मग हसून म्हणाले, "चवीला लय झ्याक व्हती बरं का!"

"आबा!" सारिका ओरडली. मग कुंदाताईंकडं वळली. "मावशी, तुमी चूक म्हणताय, ऱ्हाऊ द्या. पर आता कुणाला इचारायचं, त्ये सांगा. का इचारायचंच न्हाई?"

परतताना एक्स्प्रेसवेच्या पुलावर कुंदाताई कठड्याला टेकून थांबल्या. खालून गाड्या जात होत्या. मी म्हटलं, नियम माझा होता, तुम्ही तसं सांगायला हवं होतंत. त्या म्हणाल्या, "तुमच्या नियमाने एक चूक केली ती कळते आहे, ती दुरुस्त होईल. पण आपलं गप्प राहणं हेच त्यांनी उत्तर धरलं, याचं काय करायचं?"

काय करायचं ते त्यांनी स्टेशन येईपर्यंत ठरवलं होतं. नियम काढायचा, हे तर झालंच. शिवाय बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पत्राला त्याच मिनिटाला मराठीत उत्तर गेलं पाहिजे. मजकूर त्यांनीच सांगितला : 'तुमचं पत्र पोचलं. ते अजून कुणी वाचलेलं नाही. उत्तर येईपर्यंत काही खाऊ नका, कुणाला खायला देऊ नका.' मी तांत्रिक अडचण मांडली. स्पॅमवाल्यांना कधी उत्तर द्यायचं नसतं, हा या कामातला पहिला धडा. उत्तर गेलं की पत्ता जिवंत आहे हे त्यांना कळतं आणि स्पॅम दुप्पट होतो. शिवाय ते दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लावून लिहितात, मग आपलं उत्तर भलत्याच माणसाच्या डोक्यावर जातं. कुंदाताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "भलत्या माणसाला काय जाईल? काही खाऊ नका, एवढंच ना? जाऊ दे. आणि दुप्पट आले तर दुप्पट वाचीन."

दुप्पट आले. त्यांनी दुप्पट वाचले. आता अडवलेली सगळीच पत्रं टोपलीत पडू लागली; टोपली रविवारची राहिली नाही, रोजची झाली. पहाटे पाचला उठून साडेसहा-पावणेसातपर्यंत काम संपलेलं असायचं. जगभरच्या कर्जवाल्यांना आणि औषधवाल्यांना आमच्याकडून काही न खाण्याची ताकीद जाऊ लागली. एकदा तर बंगले भाड्याने देणाऱ्या एका एजंटचा संतापून फोन आला, तेव्हा मी कुंदाताईंच्याच ओट्यावर बसलो होतो. "मॅडम, मी प्रॉपर्टीची जाहिरात टाकली, तर तुम्ही मला जेवू नका म्हणता? घरात श्रावणी सोमवारचे पाहुणे आलेत!" कुंदाताई म्हणाल्या, "जेवा, अवश्य जेवा. पण झाडांच्या लिस्टवर बंगल्याचं काय काम?" तो म्हणाला, "बंगल्यात झाडं आहेत की!" "मग ती कोणती ते लिहून पाठवा." त्याने खरंच पाठवलं, फोटोंसकट. आज तो आमचा सभासद आहे. जाहिरात पुन्हा केली नाही असं मात्र म्हणता येणार नाही, वर्षातून एकदा तो प्रयत्न करतोच.

मधे एकदा लिस्ट बंद दाराची करावी अशी मागणी जोरात आली. एखादं स्पॅम चुकून निसटायचं आणि सभासद वैतागायचे. कुंदाताईंच्या घरी बैठक झाली. एक जुने सभासद म्हणाले, "बाहेरून खरं पत्र महिन्यातून एखादं. त्यासाठी रोजचा हा उपद्व्याप कशाला?" कुंदाताई म्हणाल्या, "आपल्या सभासदांना झाडं आधीच माहीत आहेत. ज्याला माहीत नाही तो बाहेरच असणार ना?" मग एकेकाचं मत विचारायला सुरुवात झाली. अशा वेळी मी गप्प राहतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दिवशी मला आबांचं बोलणं आठवलं. गप्प राहिलो तर माझं मत बंद दाराच्या बाजूचं धरलं जाईल हे कळलं, आणि मी म्हणालो, "दार उघडंच राहू दे. आठवड्यातले दोन दिवस टोपली मी बघतो." कुंदाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "ग्रंथपाल, किल्ली हरवली वाटतं?" एवढंच म्हणाल्या.

तिसरा वाटेकरी सारिका झाली. कुंदाताईंनी तिला शिकवलं आणि सारिकाने त्यांना अळंबी शिकवली. ती भाज्याहून मोबाईलवर पत्रं वाचते. पुस्तकी भाषेतल्या खोट्या पत्रांना मी अजून फसतो, ती फसत नाही. "ह्ये बगा काका, ह्याला झाडाचं काय बी पडल्यालं न्हाई. निस्तं गॉड गॉड बोलतंय." मोठ्या संस्थांतल्या मोठ्या लोकांनी अशी कामं मशिनवर सोपवून हात झटकले. लोणावळ्यातल्या एका निवृत्त बाईने मात्र अनोळखी माणसाचं पत्र वाचल्याशिवाय टाकायचं नाही, हे वीस वर्षं पाळलं आणि दोघांना पाळायला लावलं. याचा मला अभिमान वाटतो, आणि तो त्यांच्यासमोर मी कधी बोलून दाखवला नाही.

दिवसकार्य झाल्यावर विमलताईंनी मला कुंदाताईंच्या टेबलाजवळ नेलं. खिडकीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर, भिंग आणि एक दोनशे पानी वही. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं : 'चुकून टाकलेली'. पहिली नोंद अशी होती : 'सारिका, भाजे. अळंबी. नियम मंजूर केला – मी.' नियम कुणी लिहिला, ते कुठंच नव्हतं. पुढची पानं चाळली. त्या दिवसानंतर एकही नोंद नव्हती... मी टेबलावरचं पेन घेतलं आणि पहिल्या नोंदीखाली लिहिलं, 'नियम लिहिला – मी.'

त्या गेल्याला सहा आठवडे झाले. आता निदान दार बंद करा, असं सुचवणारी दोन पत्रं आली, त्यांना मी त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. वही माझ्याकडं आहे. सोमवार ते गुरुवार मी वाचतो, शुक्रवार ते रविवार सारिका वाचते. आज सकाळी टोपलीत एकतीस पत्रं होती. एकतीसही वाचली. लिस्ट उघडी आहे.