मालक कुठंयत?

बायांनो, डोकं अजून तापलेलंच हाय, म्हणून लिहितेय.

गेल्या महिन्यात लोहाऱ्यात ठिबक सिंचनाच्या नळ्यांच्या दुकानात गेले होते. दुकानदार म्हणाला, "वैनी, मालकांना पाठवा. रानाचं माप तुम्हाला न्हाय कळायचं." मालक म्हणजे नवरा! रान माझ्या नावावर, कसते बी मीच. त्या दिवशी घरी येऊन नुसती भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी त्याच रागात टेप घेऊन एकटीनं सगळं रान मोजलं आन् वहीत नकाशा काढला.

आज परत गेले. त्यानं मान वर न करताच विचारलं, "मालक कुठंयत?"

सातबारा आन् वही त्याच्या पुढ्यात ठेवली. म्हणलं, "मालक तुमच्या समोर उभी हाय. माप बघा."

त्यानं बघितलं. एक बी आकडा खोडला न्हाय.

ताठ मानेनं जीपमध्ये बसले. तेवढ्यात नवऱ्याला विचारत कुणाचा तरी फोन आला आन् माझ्या तोंडून निघून गेलं, "मालक रानात गेलेत."

आता राग दुकानदाराचा न्हाय, माझ्याच जिभेचा येतोय. त्याला गप करायला एक महिना लागला. हिला वळण लावायला किती लागंल?

तुमच्या घरात मालक कुणाला म्हणता? खरं सांगा.